पाइपची बंदूक कुणाच्या खात्यात येते? जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय जिल्हाधिकारी महोदय,
सप्रेम नमस्कार.

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून असलेल्या आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं गॅस वेल्डिंगचं दुकान आहे. गेल्या महिन्यात माझ्या अर्जाला आपल्या कार्यालयाचं उत्तर आलं. पाइपच्या नळीत कार्बाइडचे खडे आणि पाणी टाकून, होणारा गॅस लायटरने पेटवून बार काढतात, त्या घरगुती बंदुका दिवाळीआधी बंद करा, एवढंच मी अर्जात मागितलं होतं. उत्तरात तीन गोष्टी आहेत. ही वस्तू फटाका नाही, त्यामुळे फटाका परवान्यांच्या शाखेचा तो विषय होत नाही. जिल्ह्यात अशा इजेची नोंद नाही. आणि तक्रार असेल तर पोलिसांत जावं.

पोलिसांत मी आधीच जाऊन आलो होतो. तिथे सांगितलं, जिल्हाधिकारी साहेबांचा आदेश आणा, मग बघू. अन्न व औषध प्रशासनाकडे गेलो, कारण कार्बाइड म्हटलं की सगळ्यांना आधी आंबा आठवतो. ते म्हणाले, फळ पिकवत असतील तर सांगा, बंदुकीशी आमचा संबंध नाही. त्यांच्या परीने तेही बरोबरच. नगरपालिकेत बाजार कर वसूल करणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, गाडीची पावती फाडलीय ना, मग झालं.

म्हणून हे पत्र आपल्याला, पण उघडं. आपल्याइतकंच ते बाजारात मुलाचा हात धरून फिरणाऱ्या आईबापांनीही वाचावं, आणि माझ्या धंद्यातल्या लोकांनीही.

माझा पुतण्या तेरा वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ साली, आठवडे बाजारात एका हातगाडीवर पाण्याच्या पाइपचे तुकडे रंगीत टेप गुंडाळून मांडले होते आणि बाजूला कार्बाइडच्या पुड्या. विकणारा थोड्या थोड्या वेळाने एक बार काढून दाखवायचा. गर्दी जमायला आणखी काय लागतं? सुतळी बॉम्बच्या एका डब्याच्या पैशात दिवाळीभर आवाज, हा हिशेब पोरांना लगेच कळतो. पाडव्याच्या सकाळी अंगणात बार निघेना. लायटर टकटक करून झाला, नळी हलवून झाली. मग त्याने नळीच्या तोंडाला डोळा लावून आत बघितलं.

मी धावत गेलो तेव्हा त्याचा चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरा होता. उजवी पापणी उघडत नव्हती. शेजारची एक बाई पदराने पुसत होती, कुणीतरी तूप घाला म्हणत होतं. सरकारी दवाखान्यात ड्रॉप टाकून पट्टी बांधली आणि मोठ्या गावाला न्यायला सांगितलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पट्टी काढून पापणी उलटी केली, तर आत चुन्याचे कण तसेच चिकटलेले. इतका वेळ ते डोळा जाळतच होते. डॉक्टरांनी वारेबरोबर येणारा पातळ पडदा डोळ्यावर शिवला, पुढे आणखी उपचार झाले. आज त्या डोळ्याला समोर हात हलवलेला तेवढा कळतो. पोरगं शाळेत जातं, सायकलही चालवतं. मात्र चहाचा कप पुढे केला की त्याचा हात कपाच्या दोन बोटं अलीकडेच थांबतो, आणि मग तो चाचपत कान पकडतो. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून.

आता आपल्या उत्तरातल्या पहिल्या मुद्द्याकडे येतो, कारण सगळं तिथेच अडलंय.

फटाका नाही, हे मान्य. पण स्फोटक नाही, हे आपल्या कार्यालयाने कशावरून ठरवलं? १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा मी वकिलाकडून समजून घेतला. त्यातल्या व्याख्येत बंदुकीची दारू आणि नायट्रोग्लिसरीन यांच्यासारख्या नावांची यादी आहेच, पण तिच्यापुढे असंही म्हटलंय की स्फोटाने काही परिणाम घडवून आणण्यासाठी वापरलेला किंवा बनवलेला कोणताही पदार्थ, मग तो घन असो, द्रव असो की वायू. महोदय, वायू हा शब्द त्या व्याख्येत आहे. नळीत कार्बाइड आणि पाणी एकत्र येतं ते बार काढण्यासाठीच, दुसऱ्या कशासाठी नाही. मग ही व्याख्या लागू होत नाही असं सांगणाऱ्याने निदान कारण तरी लिहून द्यावं.

आणि हा वायू कोणता? ॲसिटिलीन. माझं पोट त्याच्यावर चालतं, म्हणून चार ओळी जास्त लिहितो.

आमच्या दुकानात डीएचा, म्हणजे विरघळवलेल्या ॲसिटिलीनचा, सिलिंडर असतो. तो नुसता पोकळ नसतो. आत सच्छिद्र माल भरलेला असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि त्यात ॲसिटिलीन विरघळवलेला असतो. एवढा खटाटोप कशासाठी? तर हा वायू नुसता दाबून भरला तर हवेशिवाय, ठिणगीशिवायही भडकू शकतो. म्हणून टॉर्चकडे तो १५ पीएसआयच्या वर दाबाने न्यायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आग उलटी सिलिंडरकडे जाऊ नये म्हणून फ्लॅशबॅक अरेस्टर लावायचा. सिलिंडर आडवा ठेवून वापरायचा नाही. डोळ्यावर चष्मा हवाच. नवीन पोरगं कामाला आलं की त्याच्या हातात टॉर्च द्यायला मी कित्येक महिने लावतो.

घरच्या स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण २ ते ९ टक्के असेल तरच पेट घेतो. त्याहून कमी किंवा जास्त असला तर पेटत नाही. ॲसिटिलीनचं तसं नाही. अडीच टक्क्यांपासून पार ८० टक्क्यांपर्यंत तो स्फोट करू शकतो. म्हणजे पोराने नळीत कार्बाइड कमी टाकलं काय, जास्त टाकलं काय, प्रमाण चुकलं म्हणून वाचला असं सहसा होत नाही. बार निघाला नाही याचा अर्थ नळी थंड झाली असा नसतो. आत खडे पाण्याशी बोलतच असतात, गॅस तयार होतच असतो, आणि पेटायला त्याला अगदी नावापुरती ठिणगी पुरते. पोरं डोकावतात ती नेमकी त्याच वेळी.

बार निघताना आवाजाबरोबर काय बाहेर येतं, तेही सांगतो. कार्बाइड आणि पाणी मिळून गॅस होतो तसा चुनाही होतो. आमच्याकडे पूर्वी कार्बाइडची टाकी होती, तेव्हा तिच्यातला गाळ लोक भिंतीला पांढरा हात मारायला न्यायचे. तोच चुना, ओला आणि गरम, अर्धवट विरघळलेल्या खड्यांसकट थेट डोळ्यात जातो. डॉक्टर सांगत होते की ॲसिड पडलं तर डोळ्याचा वरचा थर गोठतो आणि बऱ्याचदा तोच पुढचा रस्ता अडवतो. चुना असा थांबत नाही, आत आत झिरपत जातो. डोळ्याची काच पांढरी पडते ती त्यामुळे. शिवाय नळी असते पीव्हीसीची. ती पाणी वाहून न्यायला बनवलेली आहे, उन्हात पडून ठिसूळ होते आणि फुटली तर तिच्या चिरफळ्या उडतात.

दुसरा मुद्दा, नोंद नसल्याचा. नोंद कशी असेल? माझ्या पुतण्याच्या केसपेपरवर लिहिलंय फटाक्याने इजा. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, केली नाही, कारण पोराने स्वतःच उडवली ना. पोलिसांनीही तेच विचारलं, गुन्हा दाखल करायचा कुणावर, पोरावर? म्हणजे दवाखान्याने फटाका लिहायचं, आपल्या कार्यालयाने हा फटाका नाही म्हणायचं, आणि मग जिल्ह्यात अशी इजा शून्य! हा शून्य खरा वाटत असेल तर दिवाळीच्या आठवड्यातले डोळ्यांचे केसपेपर मागवावेत आणि त्या घरी एकेक फोन लावून विचारावं, नक्की काय उडालं होतं.

हद्दीपलीकडे काय झालं ते तर आपल्याला ठाऊक आहेच. त्याच दिवाळीत एकट्या भोपाळमध्ये शंभराहून जास्त जण या बंदुकीने डोळे भाजून दवाखान्यात आले, त्यात बहुतेक शाळकरी मुलं, आणि काहींची दृष्टी कायमची गेली. विदिशाकडूनही तशाच बातम्या होत्या. १९८४ च्या वायुकांडात ज्या हमीदिया रुग्णालयात जळजळत्या डोळ्यांचे लोंढे आले, तिथेच ही मुलं भरती होती. त्या राज्याने मनाई केली, पण ती दिवाळीच्या तोंडावर. तोवर माल घरोघरी पोचला होता. आपल्या तालुक्यातून तिकडे रोज एसट्या जातात, टेम्पो जातात, लग्नाचे वऱ्हाडही जातात. तिकडची वस्तू इकडे येणार नाही, असं कोणत्या आधारावर धरायचं?

याशिवाय माझी एक तक्रार अशी की आपल्याकडे नियम कडक आहेत, पण ते नियम पाळणाऱ्यालाच. दिवाळीत मैदानावर तात्पुरतं फटाक्याचं दुकान लावायचं तर परवाना लागतो. न जळणाऱ्या सामानाची शेड, दोन दुकानांत तीन मीटर अंतर, समोरासमोर तोंडं नकोत, उघडा दिवा नको, एका ठिकाणी ५० च्या वर दुकानं नकोत. फटाक्याच्या आवाजाला चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहानंतर वाजवायला सर्वोच्च न्यायालयाची मनाई आहे. हे सगळं योग्यच आहे आणि दरवर्षी आपला माणूस टेप घेऊन अंतर मोजायला येतो, हेही मी पाहतो. त्याच मैदानाच्या कुंपणाबाहेर हातगाडीवाला पाइप आणि कार्बाइड विकत, भर गर्दीत बार काढत उभा असतो. टेप त्याच्यापर्यंत पोचत नाही.

कार्बाइडलाही नियम आहेतच. १९८७ चे कॅल्शियम कार्बाइड नियम पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणारी केंद्र सरकारची संस्था, राबवते आणि तिचं मुख्यालय दुसरीकडे कुठे नाही, आपल्याच नागपुरात आहे. हा माल कोरडा, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, वर इशारा लिहूनच ठेवायचा असतो. बाजारात तो मिळतो कशात, तर शेवचिवड्याच्या पातळ पिशवीत. पावसाची एक सर आली आणि पिशवी भिजली तर गाडीवरच गॅस सुटेल. फळं पिकवायला कार्बाइड वापरू नये म्हणून २०११ पासून अन्नसुरक्षेच्या नियमांत बंदी आहे. म्हणजे आंब्याच्या पेटीत पुडी सापडली तर कारवाई, पोराच्या खिशात सापडली तर काहीच नाही.

जरा बाजूला जाऊन एक गोष्ट सांगतो. घरी बार बनवायची हौस आपल्याकडे जुनीच आहे. सकाळी उठून न फुटलेले फटाके गोळा करायचे, मोडून दारू कागदावर काढायची आणि भपकन पेटवायची. काड्यांचा गूल नट-बोल्टात भरून दगडावर आपटायचा. गावोगावच्या जत्रांत पोटॅश-गंधकाचे ठासायचे खेळ असत, काही ठिकाणी अजून आहेत. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक यांच्या मिश्रणावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, कारण ते नुसत्या घासण्याने किंवा ठोक्यानेही उडतं. बंदीला तीस वर्षं होऊन गेली, तरी कितीतरी पालकांना ती माहीत नाही. ‘आम्ही नाही का केलं लहानपणी’ हे वाक्य मी या वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देत नाही. ज्यांची बोटं शाबूत राहिली तेच हे सांगायला येतात, एवढंच म्हणतो.

शेतकऱ्यांची बाजू मात्र सोडता येणार नाही. ही नळी आमच्या भागात पहिल्यांदा आली ती दिवाळीसाठी नव्हे, वानरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पळवायला. रात्रभर जागूनही हरभरा हाती लागत नाही, तेव्हा माणूस जे मिळेल ते वापरतो. नुसती बंदी घालून त्याला वाऱ्यावर सोडलं तर नळी शेताच्या झोपडीत लपून राहील आणि दिवाळीत पोरांच्या हाती लागेल. म्हणून कृषी विभागाला या विषयात ओढलंच पाहिजे. कुंपणाचं अनुदान वेळेवर मिळालं तर निम्म्या नळ्या आपोआप अडगळीत जातील, असं माझं मत आहे.

आता माझ्या धंद्यातल्या भावांसाठी चार शब्द. सणाच्या दिवसांत पोरं येतात, ‘काका, दहाचं कार्बाइड द्या.’ दहा-वीस रुपयांच्या सुट्या विक्रीने कुणाचं दुकान चालत नाही. अनोळखी माणसाला, आणि पोराला तर कधीच, खडा द्यायचा नाही, एवढं आपण आपसांत ठरवू शकतो. त्यासाठी साहेबांच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. पाइप, कॅप आणि लायटर एकदम मागणारं गिऱ्हाईक हार्डवेअरवाल्यांनाही ओळखू येतं.

महोदय, माझ्या मागण्या अशा:

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली आपण मनाईचा आदेश काढू शकता. त्यात पाइप-बंदूक आणि त्यासाठीच्या कार्बाइडची विक्री, साठा आणि वापर असे शब्द स्पष्ट असू द्या, नुसतं ‘धोकादायक फटाके’ नको. हा आदेश एरवी दोन महिनेच टिकतो, म्हणून तो नवरात्राआधी निघावा, तुळशीच्या लग्नापर्यंत चालावा आणि नाताळाच्या आत पुन्हा काढावा. ३१ डिसेंबरला आणि निवडणुकीच्या गुलालातही हेच बार निघतात.

कारवाई विकणाऱ्यावर आणि त्याला माल पुरवणाऱ्यावर व्हावी. भारतीय न्याय संहितेची कलमं २८७ आणि २८८ ज्वालाग्राही आणि स्फोटक पदार्थांच्या हयगयीसाठीच आहेत. पोरांना पोलीस ठाण्यात बसवून फोटो काढण्याची कारवाई नको.

सुट्या कार्बाइडच्या विक्रीची वही प्रत्येक दुकानात सक्तीची करा. कुणाला, किती, कोणत्या कामासाठी. पेसोच्या अधिकाऱ्यांना सणाआधी एकदा तरी जिल्ह्यात बोलवा आणि आठवडे बाजारांतून फिरवा.

सर्व सरकारी आणि खासगी दवाखान्यांनी कार्बाइडच्या इजेची नोंद वेगळ्या रकान्यात करावी आणि दर आठवड्याला आपल्याकडे पाठवावी.

दवाखान्यात पट्टी बांधण्याआधी डोळा धुतला गेला पाहिजे. पापणी उलटून दिसणारे खडे कोरड्या बोळ्याने काढायचे आणि लगेच स्वच्छ पाणी किंवा सलाइन सोडत राहायचं, निदान अर्धा तास. तूप नाही, दूध नाही, चोळणं तर मुळीच नाही. हे शाळांच्या फलकांवर आणि आशाताईंच्या तोंडी दिवाळीआधी असावं. घरच्या नळाखाली पहिल्या पाच मिनिटांत जे होतं ते पुढे मोठ्या शहरातल्या डॉक्टरलाही भरून काढता येत नाही, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय.

आणि आपल्या कार्यालयाने मला पाठवलेलं उत्तर मागे घेऊन दुरुस्त उत्तर द्यावं. ही वस्तू नक्की कोणत्या शाखेकडे, कोणत्या अधिकाऱ्याकडे, हे त्यात नावानिशी नव्हे तर पदानिशी लिहिलेलं असावं, म्हणजे पुढच्या माणसाला चार कार्यालयं फिरावी लागणार नाहीत.

माझ्या दुकानात विक्रीची वही मी सुरू केली आहे. तपासायला कुणालाही, न कळवता पाठवा. दुकान सकाळी नऊ ते संध्याकाळी सात उघडं असतं, सोमवारी बंद.

आपला नम्र,
आपल्याच जिल्ह्यातला एक गॅस वेल्डिंगवाला

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: जिल्हा पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, मुख्य विस्फोटक नियंत्रक, पेसो, नागपूर, तालुक्यातील सर्व वेल्डिंग व हार्डवेअर दुकानदार